दहा दिवसांचा हंगाम

हंगाम या शब्दाचा अर्थ आपल्या अकोले तालुक्यात कोणास समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात राब भाजावयाचे, मृगाच्या सरी आल्या की रोपे टाकावयाची, आषाढात गुडघाभर चिखलात उभे राहून आवणी उरकावयाची, आणि दिवाळीच्या आसपास भात कापून खळ्यावर आणावयाचे; या सर्व खटाटोपास मिळून आपण हंगाम म्हणतो. त्यातील एखादा आठवडा उचलून कोणी त्यालाच हंगाम म्हणू लागला, तर राजूरचा शेतकरी त्याच्याकडे पाहून नुसता हसेल. हल्ली मात्र वर्तमानपत्रांतून हाच शब्द खेळांच्या संबंधाने सर्रास वाचावयास मिळतो. अमक्या लीगचा पहिला हंगाम, तमक्या लीगचा दुसरा हंगाम, असे मथळे आपले विद्यार्थी मोठ्या आवडीने वाचतात, आणि मधल्या सुटीत त्यावर हिरिरीने वादही घालतात. या वादात शिक्षकानेही थोडा भाग घ्यावा, असे वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे.

सन 2016 च्या जुलै महिन्यात, म्हणजे आपल्याकडे आवणी ऐन जोरात असता, 15 तारखेस आपल्या देशात ‘प्रीमियर फुटसाल’ या नावाचे सामने सुरू झाले आणि 24 तारखेस ते संपले. त्यातील काही सामने चेन्नईस व काही गोव्यात झाले. फुटसाल म्हणजे छपराखाली, लाकडी किंवा तशाच गुळगुळीत जमिनीवर खेळावयाचा फुटबॉल. एका बाजूस अकरा गड्यांऐवजी गोलरक्षक धरून पाचच गडी असतात. मुंबई, गोवा, चेन्नई, कोलकाता, बेंगळूरु व कोची या सहा शहरांच्या नावांचे सहा संघ उभे करण्यात आले होते. पोर्तुगालचा प्रख्यात खेळाडू लुईश फिगो याला लीगचा अध्यक्ष नेमले होते, क्रिकेटपटू विराट कोहली हा तिचा प्रचारदूत होता, आणि ए. आर. रहमान यांनी तिचे गीत बांधले होते. प्रत्येक संघात एकेक जगप्रसिद्ध पाहुणा होता. मुंबईकडे रायन गिग्ज, बेंगळूरुकडे पॉल स्कोल्स, कोलकात्याकडे हर्नान क्रेस्पो, कोचीकडे मिशेल साल्गाडो, गोव्याकडे रोनाल्डिन्हो, आणि चेन्नईकडे फाल्काव. एवढी नावे एका कागदावर वाचली म्हणजे फुटबॉलप्रेमी मुलाचे डोळे दिपून जावेत यात नवल नाही.

या सहा जणांत फाल्काव हाच एक खरा फुटसालचा खेळाडू होता. ब्राझीलच्या या गड्याला या खेळातील सर्वश्रेष्ठ मानणारे जाणकार पुष्कळ आहेत. बाकीच्या पाचांची कीर्ती मोठ्या मैदानावरील होती, आणि त्यांचे उमेदीचे दिवसही सरले होते. आपल्या वर्गात मी विचारून पाहिले, तेव्हा रोनाल्डिन्हो सर्वांस ठाऊक. फाल्काव कोणास ठाऊक नाही! ज्या खेळाच्या नावाने सामने भरविले, त्या खेळाचा राजा अपरिचित, आणि पाहुणे मात्र सुपरिचित, असा हा मामला होता.

रोनाल्डिन्होने बेंगळूरुच्या विरुद्ध एकट्याने पाच गोल केले. तो सामना ज्यांनी पाहिला, त्यांच्या डोळ्यांचे पारणे फिटले असेल, याविषयी शंका नाही. परंतु दोन सामने खेळून तो आपल्या दुसऱ्या कामासाठी निघून गेला, व त्याच्या जागी ब्राझीलचाच कॅफू येऊन उभा राहिला. गोव्याच्या संघातून आपला सर्वांत मोठा मोहरा हंगामाच्या मध्यावरच नाहीसा झाला, आणि त्याबद्दल कोणास फारसे वावगे वाटले नाही, ही गोष्ट माझ्या मते ध्यानात घेण्याजोगी आहे. शेवटी अंतिम सामन्यात मुंबईने कोचीस पेनल्टीच्या लाथांवर हरविले. महाराष्ट्राच्या राजधानीच्या नावाचा संघ एका व्यावसायिक लीगचा पहिला विजेता ठरला. पण त्यासाठी राजूरला काय, खुद्द मुंबईच्या गल्ल्यांतही फटाके वाजल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पुढील वर्षी, 2017 साली, मुंबई, बेंगळूरु व दुबई येथे दुसरा हंगाम झाला. तिसरा झाला नाही. आपल्या देशात फुटबॉलचा कारभार ज्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आहे, त्याची या लीगला मान्यता नव्हती. मान्यता नसणे म्हणजे केवळ एक शिक्क्याचा कागद नसणे, असे विद्यार्थ्यांनी समजू नये. अशा लीगमध्ये एखादा मुलगा उत्तम खेळला, तरी तेथून देशाच्या संघाकडे जाणारी वाट त्याला आयती मिळत नाही. महासंघाने आपली स्वतःची फुटसालची क्लब स्पर्धा 2021 च्या नोव्हेंबरात दिल्लीस भरविली, आणि भारताचा राष्ट्रीय फुटसाल संघ तर प्रथम 2023 साली ताजिकिस्तानात दुशान्बे येथे आशिया चषकाच्या पात्रता सामन्यांत उतरला. म्हणजे कळस आधी चढविला गेला, आणि पाया पाच-सात वर्षांनी खणावयास घेतला!

अशी फजिती आपल्याच देशात झाली असे मात्र नव्हे. अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्रात 1978 साली छपराखालच्या फुटबॉलची एक मोठी व्यावसायिक लीग निघाली होती. बर्फावरील हॉकीच्या आखाड्यात कृत्रिम हिरवळ अंथरावयाची, सभोवार फळ्यांची भिंत उभारावयाची, आणि त्या भिंतीवर आपटून परतलेल्या चेंडूनिशी सहा-सहा गड्यांनी खेळावयाचे, असा तो प्रकार. न्यूयॉर्कच्या ‘ॲरोज’ संघाने पहिली चारही अजिंक्यपदे पटकाविली, पण पुढे तो संघच उरला नाही. संघ निघत, बुडत, गाव बदलीत. अखेर 1992 साली सर्व लीगच बंद पडली. चौदा वर्षे टिकली, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे. उलट ब्राझील व स्पेन या देशांत फुटसालच्या राष्ट्रीय लीगा वर्षानुवर्षे चालू आहेत, याचे कारण तेथे गल्लोगल्ली व शाळाशाळांतून मुले हा खेळ आधीपासून खेळतात. लीग ही त्यांच्यावर वरून आणून ठेवलेली वस्तू नाही.

दूरचे उदाहरण राहू द्या, कबड्डीकडे पाहा. आपण जिला हुतुतू म्हणत असू, त्या खेळाचे नियम बांधण्याचे काम पुष्कळसे महाराष्ट्रातच झाले. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनी तिची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. गावोगावची मंडळे, जत्रांतील सामने, शालेय स्पर्धा, हे सर्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यावर मग 2014 साली प्रो कबड्डी लीग निघाली, आणि तांबड्या मातीतला खेळ दिव्यांच्या झगमगाटात रबरी चटयांवर गेला. (मातीचा तो वास गेला याची मला खंत वाटते, पण गुडघ्यांस विचारले तर ते चटईच्याच बाजूने कौल देतील.) या लीगमध्येही पैसा आहे, लिलाव आहे, जाहिरातबाजीही कमी नाही. तरी ती टिकली. तिचा दहावा हंगाम 2 डिसेंबर 2023 रोजी सुरू होऊन 1 मार्च 2024 रोजी संपला. तीन महिने बारा संघ बारा शहरांतून फिरत होते. आधीच्या हंगामात पुणेरी पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून 33 विरुद्ध 29 गुणांनी हरली होती. या खेपेस तिने हैदराबादेत हरियाणाचा 28 विरुद्ध 25 असा पराभव केला. तिचा कर्णधार होता अस्लम इनामदार, आपल्याच जिल्ह्यातला; आणि साऱ्या हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणूनही त्याचीच निवड झाली. त्याच्या आधी काही महिने, 2023 च्या ऑक्टोबरात, चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई सामन्यांचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. त्या मुलाचे यश पाहुण्याच्या लाथेने उडून आलेले नाही. एक वर्ष हरावयाचे, पुन्हा सराव करावयाचा, आणि दुसऱ्या वर्षी त्याच संघाने पुन्हा उभे राहावयाचे, याला मी हंगाम म्हणेन.

आपल्या राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. पहिल्या नंबराचा वळू पाहावयास केवढी झुंबड उडते, हे आपण सर्व जाणतो. त्याची शिंगे रंगविलेली, गळ्यात माळा, अंगावर झूल. पण जाणता शेतकरी त्याच्या झुलीकडे पाहत नाही. या वळूचे वाण कोणत्या गावी उतरले, त्याचे गोऱ्हे चिखलात कसे चालतात, हे तो विचारतो. गिग्ज आणि रोनाल्डिन्हो यांना पाहण्यात काही वाईट होते असे माझे म्हणणे नाही. मलाही ते आवडले असते. माझा प्रश्न एवढाच की, ते गेल्यावर चेन्नईत, गोव्यात किंवा मुंबईत त्या खेळाचे किती गोऱ्हे जन्मले? महाराष्ट्रात फुटबॉलची जमीन मुळीच नाही असेही नाही. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील व खंडोबा तालमीचा सामना असला म्हणजे शाहू स्टेडियम माणसांनी फुलून जाते, आणि घराघरांत दोन तट पडतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. ज्यांना लीग काढावयाची, त्यांनी असल्या गावाच्या वेशीत आधी पाऊल टाकावे, असे मला वाटते.

आता हे सर्व राजूरच्या मुलांना व त्यांच्या आईबापांना कशासाठी सांगावयाचे? त्याचे कारण असे. गेल्या वर्षी नववीतील एका मुलाचे वडील मजकडे एक छापील पत्रक घेऊन आले. कोणा एका शहरात फुटबॉलची निवड-चाचणी होती. निवड झाल्यास मुलास तेथेच राहावयाचे, भरभक्कम फी भरावयाची, आणि पुढे ‘लीगमध्ये खेळण्याची संधी’ मिळावयाची होती. पत्रकावर एका परदेशी खेळाडूचे चित्र होते. मुलगा खरोखरच चपळ आहे, डाव्या पायाने चेंडू असा फिरवितो की पाहतच राहावे. वडील मला म्हणाले, “गुरुजी, बैलजोडी विकावी म्हणतो. पोराचं नशीब आड यायला नको.” त्या गृहस्थांचे पुत्रप्रेम पाहून मला क्षणभर बोलवेना. आपल्या डोंगरात ज्याची बैलजोडी गेली, त्याचा पुढला हंगामही गेला, हे त्यांनाही माझ्याइतकेच ठाऊक होते.

मी त्यांना पत्रक पुन्हा वाचावयास लावले. ही लीग कोणाच्या मान्यतेने चालते, हे त्यात नव्हते. ती किती वर्षे चालू आहे, हेही नव्हते. तेथे गेल्यावर मुलाची शाळा कोणती, त्याने दहावीची परीक्षा कोठून द्यावयाची, आणि गुडघा दुखावला तर औषधपाणी कोणी पाहावयाचे, याविषयी एक अक्षर नव्हते. मी त्यांस म्हणालो की, ज्या लीगला जगातले सहा नामांकित खेळाडू, एक अध्यक्ष, एक गीत व सहा शहरे मिळाली, ती दोन वर्षांत थांबली. मग या चित्रावर आपण बैल कशाला बांधावे? शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे, तेथे निवड झाल्यास खेळ व शिक्षण दोन्ही चालते. आंतरशालेय सामने आहेत, जिल्ह्याच्या निवडी आहेत. ती वाट लांबची व चढणीची आहे खरी, पण तिच्यावर पायरी दिसते. बैलजोडी विकली गेली नाही. मुलगा मात्र महिनाभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि त्याचा राग मला समजतो. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या पायातील गुण दिसतो. त्या पत्रकात काय लिहावयाचे राहिले आहे, ते दिसत नाही. ते पाहणे वडील माणसांचे काम होय.

परंतु येथेच थांबून, “पाहा, गुरुजींनी सांगितले, खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय,” असा अर्थ कोणी काढील तर तो माझ्यावर मोठाच अन्याय होईल. लीग बुडाली म्हणून खेळ वाईट ठरत नाही. फुटसाल हा खेळ लीगवाल्यांनी काढलेलाच नाही. तो एका शिक्षकाने मुलांसाठी काढला. 1930 साली दक्षिण अमेरिकेतील युरुग्वे देशाने आपल्याच माँटेव्हिडेओ शहरात फुटबॉलचा पहिला विश्वचषक जिंकला, आणि तेथील पोरासोरांना या खेळाचे वेड लागले. खेळावयास पुरेशी मैदाने नव्हती. तेव्हा तेथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनमधील हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने मुलांना व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या जागेत आणले, आणि निरनिराळ्या खेळांतून नियम उसने घेऊन हा पाच गड्यांचा खेळ जुळविला. बास्केटबॉलवरून गड्यांची संख्या घेतली, पाण्यातल्या पोलोवरून गोलरक्षकाचे नियम घेतले. याच संस्थेच्या व्यायामशाळांतून अमेरिकेत 1891 साली नेस्मिथ यांनी बास्केटबॉल आणि 1895 साली मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल काढला, हे जमेस धरले म्हणजे कोंदट खोलीत अडकलेली मुले व कल्पक शिक्षक यांच्या भेटीतून जगाला किती खेळ मिळाले, याचे कौतुक वाटते.

मुलांच्या दृष्टीने या खेळाचे गुण काही निराळेच आहेत. मोठ्या फुटबॉलचे मैदान 105 मीटर लांब व 68 मीटर रुंद असते. फुटसालचे 40 मीटर लांब व 20 मीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे नववा हिस्सा. चेंडू लहान, वजनाला भरीव आणि कमी उसळणारा असतो. त्यामुळे आडदांड मुलाने जोराने लाथ हाणून भागत नाही, चेंडू पायाशी ठेवून जवळच्या गड्याला द्यावाच लागतो. बाहेर गेलेला चेंडू चार सेकंदांत परत खेळात आणावयाचा, म्हणजे रेंगाळावयास सवड नाही. गडी कितीही वेळा बदलता येतात, म्हणून राखीव मुलास सबंध सामना बाकावर बसून काढावा लागत नाही. आणि एका डावात संघाचे पाच अपराध भरले की सहाव्यापासून प्रतिपक्षाला भिंतीच्या आडकाठीवाचून मोकळी लाथ मिळते. एकाच्या दांडगाईचे प्रायश्चित्त सर्वांस घ्यावे लागत असल्यामुळे दांडग्यास त्याचे स्वतःचेच गडी आवरतात. वर्गातही असा एखादा नियम असता तर! मुलींसाठी हा खेळ नव्हे असे कोणी म्हणू नये, कारण 2025 साली फिलिपीन्समध्ये स्त्रियांची पहिली फिफा फुटसाल विश्वचषक स्पर्धा झाली.

आपल्याकडे पाऊस लागला की शाळेचे मैदान आश्विनापर्यंत कामास येत नाही. घाटघर, रतनवाडीकडील वसतिगृहात राहणारी मुले तीन-चार महिने खोलीच्या खिडकीशी बसून असतात. सुटीच्या दिवशी त्यांचा वेळ कसा जातो, हे मी वसतिगृहात ज्या ज्या वेळी गेलो त्या त्या वेळी पाहिले आहे. ज्या मुलांच्या अंगी डोंगर चढून उतरण्याची रग आहे, त्यांनी मोबाइलच्या काचेवर दुसऱ्यांचा खेळ पाहत दुपार घालवावी, हे मला पाहवत नाही. माँटेव्हिडेओच्या शिक्षकापुढे जी अडचण होती, ती आपली दरसालची आहे. आणि आपल्याजवळ सभागृह आहे. ते परीक्षा, स्नेहसंमेलन व पालकसभा एवढ्यापुरते उघडते, आणि उरलेले सर्व दिवस कुलूप लावून बाके सांभाळीत बसते.

हे सभागृह फुटसालच्या पुऱ्या मापाचे नाही. आम्ही ते दोरीने मोजले, तेव्हा लांबीत निम्म्याहून थोडे अधिक भरले. तेवढ्यात चार-चार गडी सुखाने खेळतात. येत्या पावसाळ्यापासून बुधवारी व शनिवारी शाळा सुटल्यावर ते मुलामुलींसाठी आळीपाळीने उघडावे, आणि वर्गावर्गांचे सामने जूनपासून सप्टेंबरपर्यंत, मध्ये खंड न पाडता चालवावे, अशी माझी सूचना मुख्याध्यापकांनी मान्य केली आहे. गोलाचे खांब सुतारकामाच्या वर्गातील मुले करणार आहेत. बाके हलविण्याचे व पुन्हा जागच्या जागी लावण्याचे काम नववीने पत्करले आहे, आणि पंचाची शिटी, त्या अबोल झालेल्या मुलाच्या मागणीवरून, पहिल्या महिन्यापुरती त्याच्याकडे दिली आहे. खिडक्यांच्या काचा वाचविण्यास जाळ्या तेवढ्या हव्या आहेत. भंडारदऱ्याच्या बाजूच्या ज्या पालकांजवळ मासे धरण्याची जुनी, फाटकी जाळी पडून असतील, त्यांनी ती मे महिन्याच्या अखेरीपर्यंत शाळेत पोचती करावी. दुरुस्ती आम्ही येथे करून घेऊ.